पहिली-दुसरीत मराठी आणि इंग्रजी वाचन कसं शिकवायचं: जिल्हा परिषदेच्या वर्गातली रीत

जुलैचा पहिला आठवडा सरला की खिचडीच्या सुट्टीत एखादी आई फाटकाशी येऊन उभी राहतेच. "म्याडम, इंग्रजी कवा सुरू करणार? माझ्या जावंचं लेकरू व्हॅनमधी बसून तालुक्याला जातंय. ते एबीसीडी धडाधडा म्हणतंय, आन् आमचं आजून काका-मामाच करतंय."

तिला काय सांगायचं हे मला बरीच वर्षं नीट कळत नव्हतं. मग वर्गात एक पोरगा आला. अंगणवाडीत असतानाच मोठ्या भावाचं इंग्रजीचं पुस्तक घेऊन तो घडाघडा 'वाचायचा'. बी फॉर बॉल, सी फॉर कॅट. घरचे खूश, केंद्रप्रमुखही खूश. एकदा मी चित्रावर तळहात ठेवला आणि खालचा शब्द तेवढा उघडा ठेवला. पोरगा गप्प. हात इंचभर सरकवला, चेंडूची लाल कड दिसली, तशी गाडी सुटली: बॉल! त्या शब्दातल्या एकाही अक्षराची त्याची ओळख नव्हती. चित्र बघून बोलण्यात मात्र तो पटाईत होता.

इंग्रजी पहिलीपासून शिकवायची की नाही, हा वाद आपल्यापुरता २००० सालीच मिटला. त्या वर्षी मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. आता प्रश्न क्रमाचा आहे. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या दोन शिक्षकी शाळेत चुका करत मी ज्या क्रमाशी येऊन थांबले तो असा: कानाला दोन्ही भाषा पहिल्या दिवसापासून, डोळ्याला आधी मराठी, आणि मराठीत लेकरू मोकळं वाचायला लागलं की त्याच बळावर इंग्रजी अक्षरं. एका भाषेत कमावलेलं वाचनाचं कसब दुसऱ्या भाषेत कामी येतं, हा विचार जिम कमिन्स या भाषातज्ज्ञाने १९७९ मध्ये मांडला. वर्गात ते रोज दिसतं. अक्षराला आवाज असतो आणि आवाज जोडले की शब्द होतो, एवढं लेकराला एकदाच कळावं लागतं. दुसऱ्या लिपीत खुणा तेवढ्या नव्या असतात.

पहिला आठवडा: पुस्तक बंद, वही तुमची

शाळा उघडल्यावर आठवडाभर मी काही शिकवत नाही. एक वही करते, दर लेकराला एक पान. त्यावर तीन गोष्टी लिहायच्या: घरात कोणती बोली चालते, लेकरू दिवसभर कोणापाशी असतं आणि दसऱ्यानंतर ते गावात राहणार की आईबापाबरोबर ऊसतोडीला जाणार. तिसरी गोष्ट आईला विचारू नका. ती "बघू" म्हणते. आजीला विचारा, मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतली का ते तिला पक्कं ठाऊक असतं.

पहिल्या गोष्टीने माझे डोळे उघडले, तेही उशिरा. तांड्यावरची एक पोरगी दोन महिने वर्गात तोंड उघडत नव्हती. मी तिच्या नावापुढे 'अप्रगत' असं लिहूनही टाकलं होतं. एक दिवस पाळण्यातल्या भावाला घेऊन तिची मोठी बहीण आली आणि ही पोरगी तिच्याशी अशी काही भडाभडा बोलायला लागली की मी खडू खाली ठेवला. घरी गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली. आईला 'याडी' म्हणणाऱ्या लेकराला मी 'आ आईचा' शिकवत होते आणि ते कोणाचा 'आ' म्हणून माझ्या तोंडाकडे बघत होतं. त्या दिवशी मी बहिणीकडून वीसेक शब्द लिहून घेतले. चित्र दाखवायचं, आधी तिचा शब्द, मग आपला. दिवाळीपर्यंत पोरगी बोलायला लागली, नंतर वाचायलाही लागली. 'अप्रगत' हा शेरा कोणाचा होता, ते तुम्हीच ठरवा.

मराठवाड्यात ही वही जरा जाडच होते. देगलूर-धर्माबादकडे तेलुगू, उमरगा-निलंग्याकडे कन्नड, शहरांत आणि मोठ्या गावांत दखनी उर्दू, तांड्यांवर गोरमाटी. आणि ज्यांची घरची भाषा 'मराठी' असं आपण लिहितो, त्यांचीही मराठी पुस्तकातली नसतेच. त्याबद्दल पुढे.

कान आधी

पहिला दीड महिना रोज वीस मिनिटं नुसते आवाजाचे खेळ. पाटी-पेन्सिल लागत नाही, म्हणून ही कामं रिकामटेकडी वाटतात. सोडू नका.

टाळ्यांपासून सुरुवात करा. भा-कर, दोन टाळ्या. सो-या-बीन, तीन. मग पहिला आवाज: 'मका, मामा, माती' यांत सुरुवातीला काय ऐकू आलं? मग शेवटचा: परभणी, परळी, हिंगोली, किल्लारी. लेकरं "ई!" म्हणून ओरडतात. गावांच्या नावांच्या भेंड्या तर तासभर चालतात. ज्याला शेवटचा आवाज वेगळा काढता येत नाही त्याला मात्रा फळ्यावर शिकवून उपयोग नाही, हे मी अनुभवाने सांगते.

इंग्रजीचा कानही याच काळात तयार करायचा, पण हुकुमांनी. 'स्टँड अप', 'गो टू द डोअर', 'गिव्ह मी द चॉक'. तुम्ही म्हणायचं आणि आधी स्वतः करून दाखवायचं, लेकरांनी नुसतं करायचं. बोलण्याची सक्ती नाही. जेवणाआधी 'वॉश युवर हँड्स' रोज म्हटलं की पंधरा दिवसांत नळापाशी रांग लागते. तुमचं इंग्रजी मोडकंतोडकं असेल तर मोजकी वीस वाक्यं पक्की करा आणि तीच वर्षभर वापरा. दहा चुकीच्या वाक्यांपेक्षा एक बरोबर वाक्य पुरतं.

एक काम जरूर करून बघा. लेकरांना विचारा, रानात काय काय असतं? मोटर, पंप, पाईप, स्टार्टर, ड्रिप, ट्रॅक्टर. घरात? टीव्ही, मोबाईल, चार्जर, बल्ब, कप, बकेट. माझा फळा भरला. 'आमच्या लेकरांना इंग्रजीचा गंध नाही' असं म्हणणाऱ्यांनी तो बघायला हवा होता. ही यादी जपून ठेवा, दुसऱ्या सत्रात लागणार आहे.

मराठी अक्षरं: क ख ग च्या रांगेने जाऊ नका

वर्णमाला पाठ असणं चांगलंच. परिपाठाला म्हणा, चाल लावून म्हणा. पण वाचन त्या रांगेने शिकवलं तर 'ङ' आणि 'ञ' पर्यंत पोहोचून एकही शब्द हाती लागत नाही. अक्षरांचे लहान गट करा, असे की पहिल्या आठवड्यातच शब्द झाले पाहिजेत.

माझा पहिला गट: क, म, ल, र आणि काना. एवढ्यावर मका, काका, मामा, माल, लाल, काम, मार, मला, कलाकार. आणि वाक्य: 'मामा, मला मका.' अक्षरं सुरू करून आठ-दहा दिवस झालेल्या लेकराने हे वाक्य स्वतः उकललं की त्याचा चेहरा बघा. दुसरा गट: प, न, त आणि दुसरी वेलांटी. आता पान, कान, नाक, रात, माती, पीक, तीन, ताक, काकी, मामी. 'मामी, ताक पी.' तिसऱ्या गटात स, ब, ट, ग, व, उकार. यापुढे तुमच्या गावात जे पिकतं, जे शिजतं, त्यातले शब्द ज्या अक्षरांनी होतात ती अक्षरं घ्या.

दुसरी वेलांटी पहिलीच्या आधी का? 'आणि'सारखे थोडे अपवाद सोडले तर मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार लिहिताना दीर्घच असतो. पाटी, वही, गाडी, भाजी, ताई. लेकराला भेटणाऱ्या छोट्या शब्दांत म्हणूनच दुसरी वेलांटी जास्त येते. शिवाय ती अक्षराच्या उजवीकडे उभी असते, म्हणजे डोळ्याला जशी दिसते त्याच क्रमाने कानाला ऐकू येते. पहिली वेलांटी लबाड आहे: दिसते आधी, ऐकू येते नंतर. 'किडा' वाचताना लेकरू 'इ...क...' करत अडखळतं. तिला महिनाभर मागे ठेवलं तर बिघडत नाही.

आता बाराखडी. आपण सगळे 'क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि' करत मोठे झालो आणि मीही चार वर्षं तेच घोकून घेतलं. त्यात एक खोट आहे. 'काम' दिसलं की लेकरू मनात 'क ला काना का, म' असा सगळा मंत्र म्हणतं. तीन अक्षरी शब्दाच्या शेवटापर्यंत पोहोचताना सुरुवात विसरतं. 'का' हा एक घास आहे, तो एकदम तोंडात गेला पाहिजे. म्हणून 'का, मा, ला, रा' अशी पत्त्याएवढी कार्डं करा आणि ती जोडून शब्द लावा. लग्नपत्रिकांचा पुठ्ठा यासाठी फार कामाचा. उन्हाळ्यात घरोघरी पडलेला असतो.

शेवटच्या अक्षराचीही एक गंमत आहे. लिहितो 'काम', पण बोलताना शेवटचा 'म' पाय मोडल्यासारखा तोकडा. सुरुवातीला लेकरं 'का-म' असं लांबवतात. नियम सांगू नका. "आपण घरी कसं म्हणतो?" एवढं विचारलं की ती हसतात आणि नीट म्हणतात. हे 'घरी कसं म्हणतो' वर्षभर उपयोगी पडेल. 'चाक' आणि 'चार' यांतला 'च' वेगळा आहे हेही त्यावरच सुटतं. घरी मराठी नसणाऱ्या लेकरांना मात्र ते ऐकवूनच द्यावं लागतं.

सारखी दिसणारी अक्षरं एका आठवड्यात आणू नका. घ-ध, भ-म, थ-य, ब-व. आणि 'ख' हा 'र' आणि 'व' वाटतो, तो सुटा दाखवा. जोडाक्षरं आणि 'र'चे चार अवतार (सूर्य, चक्र, ट्रक, दुसऱ्या) दुसरीत. पहिलीत समोर आले तर शब्द सांगून पुढे जायचं.

'जायलीय' चूक नाही

पुस्तकात ओळ असते, 'ती शाळेत जात आहे.' लेकरू वाचतं, "ती साळंत जायलीय." नवे शिक्षक इथे लगेच थांबवतात, तीनदा म्हणून घेतात. जरा विचार करा, लेकराने काय केलं? अक्षरं उकलली, अर्थ लावला आणि तो आपल्या बोलीत सांगितला. नुसती अक्षरं जुळवणाऱ्याला हे जमत नाही. मी म्हणते, "बरोबर, जायलीय. आता पुस्तकवाल्याने कसं लिहिलंय, बोट ठेवून दाखव बरं." मग ते 'जात आहे' वाचतं. दोन्ही रूपं शाबूत राहतात. लातूर-नांदेडकडे 'करलालाव' म्हणतात, परभणीकडे 'कामून' विचारतात, त्यांनाही हाच न्याय.

याच्याच पुढची पायरी म्हणजे लेकरांची स्वतःची वाक्यं फळ्यावर घेणं. लातूर-धाराशिवकडे वेळा अमावास्येला घरातले सगळे रानात जेवायला जातात. दुसऱ्या दिवशी वर्गात दुसरं काही बोललंच जात नाही. एकदा एका पोराने सांगितलं, "आमी येळवसला रानात गेल्तो. आजीनं आंबील सांडली." मी फळ्यावर तसंच लिहिलं, 'गेल्तो' सकट. सगळ्यांनी वाचलं. मग खाली लिहिलं: 'आम्ही वेळा अमावास्येला रानात गेलो होतो. आजीने आंबील सांडली.' दोन्हींत काय सारखं, काय वेगळं, यावर अर्धा तास गेला. 'रानात' आणि 'सांडली' दोन्हीकडे सारखेच, हे लेकरांनीच शोधलं. अशी पंधरा-वीस वाक्यं कागदावर उतरवून शिवली की वर्गाचं पुस्तक होतं. आमच्या वाचनकोपऱ्यात छापील पुस्तकांआधी तेच फाटतं.

इंग्रजी अक्षरं कधी उघडायची

कसोटी एकच ठेवा. न पाहिलेला, तीन-चार साध्या वाक्यांचा मराठी मजकूर लेकरू काना-वेलांटी-उकारांसह वाचतं का आणि काय वाचलं ते सांगतं का? सांगत असेल तर इंग्रजी उघडा. काहींचं हे दिवाळीनंतर होतं, बऱ्याच जणांचं फेब्रुवारीत, काहींचं दुसरीत. पाठ्यपुस्तक जूनमध्येच हातात आलेलं असतं, ते कपाटात ठेवता येत नाही. तोवर त्यातल्या चित्रांवर बोला, गाणी म्हणा, अक्षरांची नावं कानावर पडू द्या. वाचून घेऊ नका, एवढंच. पालकांना हे पटवायला मला चित्रावर हात ठेवण्याचा तोच प्रयोग पुरतो.

घाई केली तर काय होतं तेही सांगते. दोन लिप्या एकदम डोळ्यापुढे आल्या की कच्चं लेकरू दोन्हींत लटकतं. आकड्यांतही तेच. आपला १ इंग्रजी नऊसारखा आणि आपला ४ इंग्रजी आठसारखा दिसतो. एका पोराने घड्याळात पाहून मधली सुट्टी भलत्याच वेळी जाहीर केली होती.

नाव वेगळं, आवाज वेगळा

मराठीत 'म' या अक्षराचं नाव म, आवाजही म. इंग्रजीत तसं नाही आणि आपल्या लेकराला पहिली ठेच इथेच लागते. 'एच' या नावात ह कुठेच नाही. 'डब्ल्यू'त व ऐकू येत नाही. 'टी-ए-पी' अशी नावं जोडून 'टॅप' कधीच होणार नाही. म्हणून वाचनासाठी आवाज शिकवा. नावं गाण्यातून आलेली असतात, ती तशीच राहू द्या.

मराठी वाचक असण्याचा फायदा इथे मिळतो. इंग्रजी व्यंजनात 'अ' मिसळलेला नसतो. आपल्याकडे त्याला तयार खूण आहे: पाय मोडणे. 'टी'चा आवाज 'ट' नसून 'ट्', 'एस'चा 'स्'. फळ्यावर पाय मोडून एकदा दाखवा. ज्याला मराठी अक्षरं पक्की आहेत त्याला हे पाच मिनिटांत कळतं. आणि 'ए'चा जो आवाज बॅटमध्ये आहे, 'ओ'चा जो पॉटमध्ये, त्यांच्यासाठी आपल्या वर्णमालेत ॲ आणि ऑ आहेत. २००९ च्या शासन निर्णयाने ते स्वरांत घेतले. लेकरांनी ते 'बॅट', 'डॉक्टर' अशा शब्दांत पाहिलेले असतात.

क्रम पुन्हा शब्द होतील असाच. बऱ्याच ठिकाणी चालणारा गट म्हणजे एस, ए, टी, पी, आय, एन. त्यातून पिन, टिन, टॅप, पॅन, सिट, नॅप. यातले पिन, टॅप, पॅन लेकराच्या कानाला माहीत आहेत. पुढच्या गटांत मघाची रानातली-घरातली यादी काढा: कप, पंप, बल्ब. ऐकलेला शब्द डोळ्यासमोर उकलतो तेव्हा ते खरं वाचन. अर्थ माहीत नसलेला शब्द कितीही शुद्ध उच्चारला तरी त्याचा लेकराला उपयोग नाही.

सुरुवात स्मॉल अक्षरांनी करा, पुस्तकातला बहुतेक मजकूर त्यांतच असतो. कॅपिटल अक्षरं गावात आपोआप भेटतात. शाळेच्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलवर 'एम एच' लिहिलेलं असतं, आणि बीडचं २३, लातूरचं २४, परभणीचं २२ हे दुसरीतल्या पोरांना आपल्याआधी पाठ. नंबरप्लेट वाचायला पाठवलेला वर्ग पाच मिनिटांत परत येतो आणि तासभर बोलतो.

स्मॉल बी आणि स्मॉल डी उलटे होतात, त्यावर महिनाभर ओरडू नका. एक पक्का करा, दुसरा पंधरा दिवसांनी आणा. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांचा फरक आपल्याच तोंडात नीट नसतो, तो लेकराकडून आत्ताच मागू नये.

'द', 'इज', 'वॉज', 'सेड' यांसारखे शब्द आवाज जोडून निघत नाहीत. ते चेहऱ्याने ओळखायचे, आठवड्याला तीन. कार्ड करा, दारावर चिकटवा, येता-जाता हात लावून म्हणू द्या.

एक कळकळीची विनंती, विशेषतः पालकांना. इंग्रजी शब्दाखाली पेन्सिलीने मराठीत उच्चार लिहून देऊ नका. बाजारातली गाइडं तेच करतात. लेकराचा डोळा सोप्या वाटेने जातो, ते खालचं मराठी वाचतं आणि वरच्या इंग्रजीकडे बघतही नाही. फळ्यावर एखादा आवाज दाखवायला देवनागरी वापरली तर ठीक, पण लगेच पुसा.

एकच गोष्ट, दोन दिवस

दुसरीत हा माझा सर्वांत आवडता तास. एकच गोष्ट दोन्ही भाषांत मिळवायची. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर अशी चित्रपुस्तकं मोफत आहेत, मोबाईलवरही उघडतात. सोमवारी मराठीतून वाचा, त्यावर गप्पा मारा, पात्रांची सोंगं करू द्या. मंगळवारी तीच इंग्रजीतून. ओळीगणिक अर्थ सांगत बसू नका. गोष्ट माहीत आहे, चित्र समोर आहे, लेकरू अंदाज बांधतं. आपण वाक्याचं भाषांतर सुरू केलं की ते इंग्रजी ऐकायचं सोडून मराठीची वाट बघत बसतं. तिथल्या सर्वांत सोप्या पातळ्यांतलीच पुस्तकं घ्या, पानावर दोन-तीन ओळींपेक्षा जास्त मजकूर नको.

उर्दू घरातली लेकरं

उर्दू माध्यमात मराठी शिकवणाऱ्या मित्रांशी बोलून आणि आमच्या शाळेतल्या उर्दू बोलणाऱ्या लेकरांवरून एवढं सांगते. दिशा हा पहिला प्रश्न. उर्दू उजवीकडून, मराठी डावीकडून. मराठीच्या वहीत प्रत्येक पानाच्या डाव्या कोपऱ्यात हिरवा बाण काढायला लावा, महिन्याभरात गरज संपते. दुसरं, सुरुवातीचे शब्द असे निवडा जे दोन्हीकडे जवळपास तेच आहेत: बाजार, दुकान, कागद, दरवाजा, जमीन, साबण, खुर्ची. शब्द ओळखीचा, लिपी तेवढी नवी. काम अर्ध्यावर येतं.

दोन लिप्या म्हणून घाबरायचं कारण नाही, आपल्याकडे तर नाहीच. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार उर्दूत चाले. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये उर्दू माध्यमातूनच सुरू झालं. निजामाचं राज्य संपण्याआधी, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ च्या आधी शाळेत गेलेले आमच्या गावचे म्हातारे शाळेत उर्दू लिहायचे आणि रात्री देवळात मराठी पोथी वाचायचे.

मोजमाप, पण बेताने

केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. तिसरीपर्यंतच्या प्रत्येक लेकराला २०२६-२७ पर्यंत समजून वाचता यावं, हा त्याचा हेतू. दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीत किमान ६०, असं त्यात धरलं आहे. महिन्यातून एकदा मोबाईलवर मिनिट लावून प्रत्येकाचं ऐका, चुकलेले शब्द वजा करा, वहीच्या त्याच पानावर आकडा टाका. लगेच दोन प्रश्न विचारा. ज्याने ७० शब्द वाचले आणि एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही, त्याला पुढच्या महिन्यात हळू वाचायला सांगा. इंग्रजीला हे आकडे लावू नका. तिथे सुरुवातीला दहा ओळखीचे शब्द स्वतः उकलले की पुष्कळ.

कोण कुठे आहे हे झटकन बघायचं तर पायऱ्या चार: अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट. मुलांचं वाचन आणि गणित गावोगावी तपासणाऱ्या 'असर' पाहणीत २००५ पासून हीच शिडी वापरतात. पालकांसमोर घेतली तर त्यांनाही लेकरू कुठल्या पायरीवर आहे ते दिसतं. चावडी वाचनाला, म्हणजे गावासमोरच्या जाहीर वाचनाला, माईक घेऊन हुशार चार पोरांकडून वाचून घेण्यापेक्षा हे बरं.

घरी काय करायचं? आईबापाला वाचता येत नसेल तरी रोज दहा मिनिटं लेकराने त्यांना वाचून दाखवायचं आणि त्यांनी विचारायचं, "मग पुढं काय झालं?" एवढं पुरे. रात्री लाईट नसते, तर सकाळी चूल पेटल्यावर.

ऊसतोडीची लेकरं

आमच्याकडचा खरा पेच हा आहे. दसरा-दिवाळीच्या आसपास मुकादमाचा ट्रॅक्टर येतो आणि वर्ग निम्मा होतो. मात्रा नुकत्या बसायला लागलेल्या असतात, आणि लेकरू पाच-सहा महिन्यांसाठी कारखान्याच्या फडात. आजी-आजोबा असतील तर हंगामी वसतिगृहाच्या आधाराने ते गावात थांबू शकतं. त्यासाठी सप्टेंबरपासूनच घरी चकरा मारा, गाडी भरल्यावर काही होत नाही. जाणार असेलच तर शिक्षण हमी कार्ड हातात द्या, म्हणजे तिकडच्या शाळेत दारातून परतावं लागत नाही.

अभ्यासाची आखणीही त्याच हिशेबाने. जाणाऱ्या लेकरांचे पहिले तीन अक्षरगट दसऱ्याच्या आत झालेच पाहिजेत, बाकी काही राहिलं तरी चालेल. आणि जाताना एक पिशवी द्यायची. युरियाच्या गोणीची शिवलेली, पावसात भिजत नाही. आत पुठ्ठ्याची कार्डं, वर्गात केलेल्या पुस्तकाची एक प्रत, पाटी, आणि दुसरीतल्यांना इंग्रजीचे दहा शब्द. मोठी बहीण बरोबर असेल तर तिला वापरायचं कसं ते दाखवून ठेवा, कारण कोपीवर (ऊसतोडीच्या झोपडीत) धाकट्यांना सांभाळणारी तीच असते. रविवारी व्हॉट्सॲपवर एक मिनिटाची गोष्ट मराठीत, एक वाक्य इंग्रजीत पाठवा. बापाचा फोन चार्ज असला तर ऐकतात.

गुढीपाडव्यानंतर लेकरं परततात तेव्हा वर्गाचं पुस्तक जिथे पोहोचलंय तिथे त्यांना बसवू नका. पहिल्या दिवशी शिडी, मग ज्या पायरीवर सापडेल तिथून पंधरा दिवस. बहुतेकांची अक्षरं टिकलेली असतात, मात्रा गेलेल्या असतात. त्या परत यायला पहिल्यापेक्षा खूपच कमी वेळ लागतो.

गेल्या एप्रिलमध्ये एका पोराची पिशवी परत आली. कार्डं काळी पडली होती, कडा मुडपलेल्या. मोजली तर इंग्रजीच्या दहांत नऊच भरली, 'टॅप'चं नव्हतं. हरवलं का विचारलं. म्हणाला, "नाय म्याडम, तिकडं नळ हाय, त्याला सुतळीनं बांधलंय. तिथली पोरं वाचत्यात."

नवं कार्ड करून पिशवीत टाकलं.